टाकीचं पोट

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवर गच्चीतल्या सौर पॅनलांचा फोटो आहे. वसतिगृहाच्या मेसमागच्या बायोगॅस टाकीचा नाही. तिथे पाहुण्यांना कुणी नेत नाही, वासामुळे. मी गेलो तो आवारातल्या उत्सर्जनाचा हिशेब मांडायचं काम गळ्यात पडलं म्हणून.

सकाळचे साडेनऊ. नाश्त्याच्या खरकट्याच्या बादल्या नुकत्याच आल्या होत्या. मामांनी (त्यांना सगळे मामाच म्हणतात) हातमोजे चढवले, एक बादली घमेल्यात ओतली आणि बोटांनी चाचपायला लागले. सांबारात बुडालेला चमचा निघाला. सॉसची अर्धवट फाडलेली पुडी निघाली. अंड्याची टरफलं एका बाजूला, पिळलेल्या लिंबाच्या फोडी दुसऱ्या.

"टरफल तळाशी बसतं, सर. आणि जास्त लिंबू हिला बाधतं." हिला म्हणजे टाकीला. मामा तिच्याबद्दल गोठ्यातल्या म्हशीसारखं बोलतात.

निवडलेलं खरकटं क्रशरमधून काढून, तेवढंच पाणी घालून टाकीत सोडलं. आत हवा नसताना जंतू ते कुजवतात आणि मिथेन तयार होतो. कचरा डेपोच्या ढिगाखालीही नेमकं हेच चालतं; फक्त तिथे झाकण नसतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे या सगळ्या खटाटोपातली मोलाची वस्तू कुठली, तर झाकण.

कल्पना काही नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १९व्या शतकातच मैल्यापासून गॅस काढला होता. आपण पुढे त्याला 'गोबर गॅस' नाव दिलं आणि शेणाशी त्याचं लग्न लावून टाकलं. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी ते मोडलं. शेण म्हणजे गाईने एकदा पचवून झालेलं, त्यात उरतं ते किती? उलट पिठूळ, गोड अन्नातून कितीतरी जास्त गॅस निघतो, तोही लवकर. शेण लागतं ते विरजणापुरतं.

पण पिठूळ अन्न बेताने द्यावं लागतं. गेल्या गॅदरिंगच्या रात्री उरलेला सगळा पुलाव आणि गुलाबजामचा पाक कुणीतरी एका दमात टाकीत लोटला. आम्ल करणारे जंतू भराभर वाढतात, मिथेनवाले संथ. टाकी आंबली. गॅस यायचा, पण पेटेना. मामांनी तिचं खाणं बंद केलं, चुन्याची निवळी ओतली, गोठ्यातून शेणकाला आणला. तीन आठवडे मेस सिलिंडरवर चालली. त्या महिन्याच्या अहवालात मात्र 'बायोगॅस : कार्यरत'. तो अहवाल मीच लिहिला होता.

दुपारी मामांनी साबणाचा फेस केला आणि जुन्या दाढीच्या ब्रशने पाइपच्या सांध्यांवर लावत निघाले. तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी फेसाला एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. लगेच दुसरा.

मी तिथेच वहीच्या पाठीवर गणित केलं. एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४५ किलो एलपीजीचं काम करतो, म्हणजे जवळपास १.३५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. तोच घनमीटर न जळता निसटला, तर त्यातल्या साधारण ०.४ किलो मिथेनचे २८ पटीने सुमारे ११ किलो होतात. आठ घनमीटर जाळून वाचवलेला सिलिंडरचा धूर एक घनमीटर गळतीत जातो. गळकी टाकी म्हणजे आपल्याच खर्चाने बांधलेला छोटा कचरा डेपो. पॅनल बिघडलं तर वीज कमी येते, नवं पाप काही होत नाही. इथे होतं. आणि आमच्या छापील तक्त्यात गळतीला रकानाच नाही. मी समासात पेन्सिलीने 'व्हॉल्व्ह क्र. ३' लिहिलं.

मामांनी वरचा कॉक बंद केला, सांधा खोलून टेफ्लॉन टेप गुंडाळली, पाना फिरवला, पुन्हा फेस लावला. आम्ही दोघं उकिडवे बसून फेसाकडे बघत राहिलो. बुडबुडा आला नाही.

"आता अहवालात काय घालणार, सर?" मामांनी विचारलं.

तेवढ्यात जेवणाच्या पहिल्या बादल्या आल्या. काठोकाठ भात, आणि वर न पिळलेली लिंबाची फोड.