सूर्याचे अदृश्य प्रभामंडल

माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीला, घरोघरी अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू जाऊ देतात आणि उगवत्या सूर्यनारायणाला अर्घ्य देतात. त्या समयी नेत्रांपुढे येते ते तेजोबिंब. परंतु वाचकहो, हे बिंब म्हणजे संपूर्ण सूर्य नव्हे. त्याभोवती विद्युद्भारित, अतिविरळ वायूचे विशाल प्रभामंडल पसरलेले आहे. एरवी ते बिंबाच्या झगझगाटात लोपून जाते. नुसत्या डोळ्यांना त्याचे दर्शन घडते ते खग्रास ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांतच.

या प्रभामंडलाचे एक मोठे गूढ आहे. बिंबाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर त्याबाहेरील प्रभामंडलाचे दहा लाख अंशांहूनही अधिक! चुलीपासून दूर सरावे आणि धग मात्र वाढत जावी, असाच हा प्रकार. त्याचा संपूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

नेत्रांना जे अगम्य, ते रेडिओ लहरींनी बरेचसे सुगम केले. १९४२ च्या फेब्रुवारीत, महायुद्ध पेटलेले असता, ब्रिटिश सैन्याच्या रडार यंत्रांत प्रचंड व्यत्यय येऊ लागला. हा शत्रूचाच डाव असावा, अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु ‘हे’ आडनावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचा उगम सूर्याकडे असल्याचे ओळखले. त्या वेळी सूर्यबिंबावर एक मोठा क्रियाशील डाग होता. रेडिओ लहरी म्हणजे ध्वनी नव्हे. तो प्रकाशाचाच अदृश्य बंधू. मीटरभर लांबीच्या अशा लहरी प्रभामंडलातूनच येतात. त्यांना ढगांचा अडसर नाही आणि ग्रहणाची प्रतीक्षाही नको.

या शोधात महाराष्ट्राच्या भूमीचाही वाटा आहे. डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारून सूर्याचा अभ्यास आरंभिला. या तबकड्या पूर्वी ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळ, सूर्यनिरीक्षणासाठीच वापरल्या गेल्या होत्या आणि तेथून त्या भारतास भेट मिळाल्या होत्या. पुढे १९७० साली डॉ. स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली उटीला ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी भव्य दुर्बीण सिद्ध झाली.

उटीच्या दुर्बिणीची युक्ती मोठी मनोहर आहे. प्रभामंडलातून कणांचा अखंड प्रवाह बाहेर वाहतो. त्यास सौरवात म्हणतात. हवेमुळे तारका लुकलुकतात, तद्वत या सौरवातामुळे अतिदूरचे रेडिओ स्रोत लुकलुकतात. त्या लुकलुकण्यावरून सौरवाताचा वेग व त्याची दाटी ताडता येते.

येथे संगणक साहाय्यास येतो. सूर्याच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्राचे नकाशे घेऊन, वायुप्रवाहाची समीकरणे सोडवून, तो प्रभामंडलाचे व सौरवाताचे गणिती प्रारूप रचतो. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रारूप हे अनुमान, आणि दुर्बिणीचे निरीक्षण हे प्रत्यक्षाच्या ठिकाणी. दोहोंचा मेळ बसला तर अनुमानास बळ येते. न बसला तर प्रारूपच दुरुस्त करावे लागते. गणित कितीही देखणे असले, तरी निरीक्षणापुढे त्याला नमावेच लागते.

हा केवळ विद्वानांचा विनोद नव्हे. १३ मार्च १९८९ रोजी सौरवादळामुळे कॅनडातील क्विबेक प्रांताची वीजव्यवस्था कोलमडली आणि सुमारे साठ लक्ष लोक नऊ तासांपर्यंत विजेवाचून राहिले. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे आठ मिनिटांत पोहोचतो. परंतु अशा वादळातील वायूचा लोट येण्यास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. तेवढाच अवधी मानवाच्या हाती असतो. तो लोट कोणत्या दिशेने, किती वेगाने येत आहे, हे वेळीच कळले तर वीजकेंद्रे व उपग्रह सांभाळणाऱ्यांना सावध होता येते. आज या भाकितात कित्येक तासांची चूक राहते. ती कमी करण्यासाठीच दुर्बीण आणि संगणक यांची ही जोड अहोरात्र राबत आहे.