निवडणूक आणि परका साक्षीदार

इ. स. १९५३ साली सुदान देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती. सुमारे अर्धशतकापर्यंत या विस्तीर्ण देशावर इंग्लंड व ईजिप्त यांचा संयुक्त अंमल होता, आणि हे दोन्ही धनी एकमेकांकडे संशयाने पाहत. सुदान आपल्याशी जोडला जावा, ही ईजिप्तची इच्छा. तो ईजिप्तच्या पंखाखाली जाऊ नये, ही इंग्रजांची खटपट. निवडणुकीतील पक्षही याच दोन बाजूंनी विभागलेले. अशा स्थितीत इंग्रज अधिकाऱ्यांनी मते मोजली असती तर ईजिप्तने ती मोजणी मानली नसती, आणि ईजिप्तने मोजली असती तर इंग्रजांनी नाके मुरडली असती. म्हणून त्या वर्षीच्या फेब्रुवारीत झालेल्या करारात एक तोड काढण्यात आली. सात जणांचा निवडणूक आयोग नेमावयाचा. त्यात तीन सुदानी, एक इंग्रज, एक ईजिप्ती, एक अमेरिकन आणि एक भारतीय असावा. आणि अध्यक्षपद भारतीयाकडे असावे, असे ठरले.

हे अध्यक्षपद भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्याकडे आले. सेन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी आणि पुढे सनदी अधिकारी. सुदानला जाण्यापूर्वी दीडच वर्ष आधी त्यांनी भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली होती. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह आणि प्रत्येकाची मतपेटी वेगळी, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. त्या वेळची एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मतदारयादी तयार होत असता उत्तर व मध्य भारतातील लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्यांनी दिली. नावावाचून यादीत नोंद नाही, असा निर्णय आयोगाने केला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली. निर्णय कठोर खराच. परंतु पुढील निवडणुकीपर्यंत त्या स्त्रिया स्वतःच्या नावाने याद्यांत येतील, हा त्यामागील हेतू होता. निवडणुकीचा खरेपणा मतदानाच्या दिवशी ठरत नसून त्याआधीच्या कित्येक महिन्यांत, याद्यांच्या कागदांवर ठरत असतो, हे ज्याने स्वतः अनुभवले असा मनुष्य सुदानला मिळाला होता.

सुदानात नोव्हेंबर व डिसेंबर १९५३ मध्ये मतदान झाले. शहरे, वाळवंटातील भटक्या टोळ्या आणि दक्षिणेकडील दलदलीचा मुलूख यांना एकच रीत लागू पडणे शक्य नव्हते; म्हणून काही ठिकाणी मतदारांनी सरळ प्रतिनिधी निवडले, तर काही ठिकाणी आधी निवडक मतदार ठरवून त्यांच्याकरवी प्रतिनिधी निवडले गेले. निकाल लागला तो इंग्रजांच्या मनाविरुद्ध. ईजिप्तशी जवळीक सांगणाऱ्या पक्षाला बहुमत मिळाले व त्याचे पुढारी इस्माईल अल् अझहरी पंतप्रधान झाले. तरीही इंग्रजांनी तो निकाल मानला. बाहेरच्या मनुष्याला बोलावल्याचे फळ म्हणतात ते हे. जिंकणारा कोणत्याही पंचाला मानतोच. हरणाऱ्याने मानावे, एवढ्यासाठी पंचाची गरज असते.

परंतु सुदान त्या वेळी स्वतंत्र नव्हता. ज्या राष्ट्राला स्वतःचे संविधान आहे, स्वतःचा निवडणूक आयोग आहे, न्यायालये आहेत, त्याच्या निवडणुकीवर परकीयांनी देखरेख करावी काय, हा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे.

या प्रथेचा आरंभ पुष्कळ जुना आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर, इ. स. १८५७ मध्ये, आज ज्या भूमीचा मोठा भाग रुमानियात आहे त्या मोल्डेव्हिया व वालाकिया या दोन संस्थानांत लोकमत अजमावण्यासाठी निवडणूक झाली. युरोपातील सत्तांचे प्रतिनिधी तेथे हजर होते. मोल्डेव्हियाच्या कारभाऱ्याने मतदारयाद्यांत इतकी उघड लबाडी केली, की ती निवडणूक रद्द करून त्याच वर्षी पुन्हा घ्यावी लागली, आणि दुसऱ्या खेपेस निकाल अगदी उलटा लागला. परक्यांच्या डोळ्यांमुळे लबाडी लपली नाही, हे खरे. मात्र हे परके निःस्वार्थी होते असे कोणी समजू नये. दोन संस्थाने एक व्हावीत असे फ्रान्सला वाटे. ऑस्ट्रियाला व तुर्कस्तानला ते नको होते. ज्याने त्याने आपापल्या सोयीचे तेवढे पाहिले. हा दोष या प्रथेच्या जन्माबरोबरच आला आहे आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. निवडणूक घेणे निराळे, निवडणुकीवर अधिकार चालविणे निराळे आणि निवडणूक पाहणे निराळे. कंबोडियात १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने निवडणूक स्वतःच घेतली, कारण दीर्घ यादवीनंतर ती घेऊ शकेल असे सर्वमान्य सरकारच तेथे उरले नव्हते. निरीक्षकाला असा कोणताही अधिकार नसतो. कबड्डीच्या मैदानावरील पंच शिटी वाजवून गडी बाद करतो. निरीक्षक शिटी वाजवीत नाही. तो केंद्रात उभा राहतो, मतपेटी रिकामी दाखविली की नाही ते पाहतो, मोजणीचे आकडे टिपून घेतो, शेवटी आपला अहवाल प्रसिद्ध करतो आणि निघून जातो. त्याने हुकूम सोडू नये, यजमान देशाच्या निमंत्रणावाचून जाऊ नये, तेथील कायदा पाळावा आणि आपला खर्च कोण करतो हे लपवू नये, असे नियम ऑक्टोबर १९०५ नव्हे, तर ऑक्टोबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साक्षीने अनेक संस्थांनी मान्य केले. प्रथा दीडशे वर्षांची आणि नियम काल-परवाचे, असा हा प्रकार आहे!

स्वतंत्र राष्ट्राच्या निवडणुकीचे संयुक्त राष्ट्रसंघाने मोठ्या प्रमाणावर निरीक्षण केल्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे निकाराग्वा. मध्य अमेरिकेतील या छोट्या देशात सँडिनिस्टा पक्षाचे सरकार आणि त्याचे सशस्त्र विरोधक यांच्यात अनेक वर्षे लढाई चालली होती. फेब्रुवारी १९९० मध्ये मतदान झाले. निरीक्षकांनी काही निवडक केंद्रांवरील आकडे तेथल्या तेथे टिपले आणि त्यांवरून एकंदर निकालाचा अंदाज त्याच रात्री बांधला. सत्तेवर असलेले डॅनिएल ऑर्टेगा हरत होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर त्याच रात्री त्यांना भेटले. ऑर्टेगांनी पराभव मान्य केला आणि व्हायोलेता चामोरो यांच्याकडे सत्ता गेली. बंदुका हाती असताना मतपेटीचा कौल मानला गेला, यात परक्या साक्षीदारांचा वाटा नाकारता येत नाही.

फिलिपाइन्सची कथा याहूनही बोधक आहे. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी तेथे अध्यक्षपदासाठी मतदान झाले. एका बाजूला वीस वर्षे सत्ता भोगणारे मार्कोस, दुसऱ्या बाजूला कोराझॉन अक्विनो. अमेरिकेहून निरीक्षक आले होते. परंतु खरी राखण केली ती त्या देशातील लक्षावधी स्वयंसेवकांनी. केंद्राकेंद्रांतून त्यांनी स्वतंत्रपणे मतांची बेरीज जुळविली. सरकारी मोजणीच्या ठिकाणी संगणकावर काम करणारी सुमारे तीस माणसे, आपण भरलेले आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे यांत मेळ नाही असे पाहून, काम टाकून उठून गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या महिन्याच्या २५ तारखेस मार्कोस देश सोडून गेले. परकीय निरीक्षकांनी हे सारे जगाला सांगितले, एवढेच त्यांचे श्रेय. उठून जाण्याचे धैर्य त्यांनी आणून दिले नव्हते.

आता दुसरी बाजू. परका मनुष्य चार दिवसांसाठी येतो. त्याला भाषा येत नाही, गावे ठाऊक नाहीत. रांगेत उभी असलेली वृद्धा खरोखरच त्या वाडीची आहे की मेलेल्या बाईच्या नावावर मत द्यायला आली आहे, हे त्याला कसे कळावे? ते कळते शेजाऱ्याला. म्हणूनच आपल्याकडे मतदान केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी बसवितात. ते गावचेच असतात आणि तोतया मतदाराला ओळखतात. परक्याला दिसते ती रांग, शांतता, शाई लावलेले बोट. जे रात्री आणि बंद दाराआड घडते ते त्याच्या नजरेस पडत नाही.

केनियात २०१७ साली याचा प्रत्यय आला. ८ ऑगस्टच्या मतदानानंतर नामांकित परकीय निरीक्षकांनी, एकंदर व्यवहार समाधानकारक झाला, अशा आशयाची मते तातडीने दिली. पराभूत उमेदवार रायला ओडिंगा सर्वोच्च न्यायालयात गेले. मतदान केंद्रांतून आकडे राजधानीकडे ज्या यंत्रणेने पाठविले गेले, त्या यंत्रणेची तपासणी निवडणूक आयोगाने पुरती होऊ दिली नाही. आणि १ सप्टेंबर रोजी न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी ती निवडणूक रद्द ठरविली. देशी न्यायाधीशांना जे दिसले ते परदेशी पाहुण्यांना दिसले नव्हते. त्यांची चूक पाहण्यात होती त्यापेक्षा बोलण्याच्या घाईत अधिक होती.

राष्ट्राभिमानाचा आक्षेपही केवळ अहंकार म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पनामात मे १९८९ मध्ये कार्टर यांनी मोजणीतील लबाडी धीटपणे उघड केली. तो त्यांचा खाजगी प्रयत्न होता. पण त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे सैन्य पनामात उतरले. आज निरीक्षक येतो त्याच देशातून उद्या सैनिक येऊ शकतात, असे दुर्बळ राष्ट्रांच्या मनात आले तर त्यांना दोष कसा द्यावा? शिवाय जे निरीक्षक धाडतात ते स्वतःच्या घरी त्यांना कसे वागवितात, हेही पाहिले पाहिजे. एकमेकांच्या निवडणुका पाहू द्याव्यात, असे १९९० साली कोपनहेगन येथे अमेरिकेसह अनेक राष्ट्रांनी लेखी मान्य केले, आणि २००२ पासून युरोपातील एक संघटना अमेरिकेच्या निवडणुकांना आपली माणसे पाठवीतही आली. परंतु २०१२ साली टेक्सास राज्याच्या महान्यायवाद्याने या निरीक्षकांना बजावले, की मतदान केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत आलात तर खटला होऊ शकेल. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण टेक्सासमध्ये ठाऊक नसेल. वृत्ती मात्र तीच.

भारताने या बाबतीत आपला निराळा मार्ग धरला आहे. आपल्याकडेही निरीक्षक असतात. पण ते भारतीयच, आणि बहुधा दुसऱ्या राज्यातून आणलेले अधिकारी. महाराष्ट्रातील मतदारसंघावर दूरच्या राज्यातील अधिकारी नेमला, की त्याला येथे ना सोयरे ना वैरी. परकेपणाचा गुण तर मिळतो आणि परकीय सत्तेची भीती राहत नाही. १९९६ च्या कायद्याने या निरीक्षकाला, केंद्रे बळकावली गेल्यास मोजणी थांबविण्यास सांगण्याचाही अधिकार दिला. परदेशी निरीक्षकाला असा अधिकार कोठेच नसतो. परदेशच्या निवडणूक अधिकाऱ्यांना भारत पाहुणे म्हणून बोलावितो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी २३ देशांतून ७५ पाहुणे आले होते. ते पाहतात, विचारतात, शिकतात. निवाडा देत नाहीत. जोवर हरलेला पक्ष देशातील आयोगाकडे आणि न्यायालयाकडे विश्वासाने दाद मागतो, तोवर ही व्यवस्था पुरेशी आहे. तो विश्वास जेथे उडाला आहे, तेथे परक्या साक्षीदाराला बोलावण्यात कमीपणा नाही. मात्र साक्षीदाराने महिनोन् महिने राहावे, याद्या वाचाव्यात आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू नये.

आणि साक्ष झाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. सुदान १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झाला. ज्यांनी ईजिप्तशी जवळीक सांगून मते मिळविली होती, त्या अझहरींच्याच कारकिर्दीत तो ईजिप्तपासूनही स्वतंत्र झाला. १७ नोव्हेंबर १९५८ रोजी जनरल अब्बूद यांनी सैन्याच्या बळावर तेथील सत्ता घेतली व संसद बंद झाली. त्यानंतर महिन्याभराने, भारतात दोन सार्वत्रिक निवडणुका पार पाडून, सुकुमार सेन दिल्लीत आपल्या पदावरून निवृत्त झाले.