नदीत पोहणारा आणि समुद्र

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर निघतात. त्यांतल्या काही कोकणात जातात. मालवणला उतरायचे, होडीतून कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आणि संध्याकाळी किनाऱ्यावर खेळायचे, असा बेत असतो. बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पण काहींना पोहता येत असते. ती पैनगंगेच्या, अरुणावतीच्या डोहात शिकलेली असतात. काळजी करायची ती याच मुलांची, कारण त्यांना समुद्र म्हणजे मोठी नदीच वाटते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी चंद्र अष्टमीच्या सुमाराचा होता. म्हणजे भरती भांगाची होती, उधाणाची नव्हती. उधाण नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

मग धोका कोठे असतो? लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे ढकलतात. ते परत जायलाच हवे. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जेथे सखल वाट सापडते, तेथून ते एकवटून समुद्राकडे धावते. याला रिप करंट म्हणतात. हा पट्टा बहुधा १०-३० मीटर रुंद असतो. तेथे पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत. म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते! प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. साधारण पोहणारा सेकंदाला १ मीटरही जात नाही. सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा माणूस म्हणूनच दमतो आणि बुडतो.

येथे नदीचेच एक शहाणपण उपयोगी पडते. पुरात सापडलेला जाणता माणूस प्रवाहाशी झुंजत नाही. तिरपा जाऊन काठ गाठतो. समुद्रातही तेच करावे. घाबरू नये, तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परत यावे. पट्ट्याबाहेर पडता आले नाही, तर तरंगत राहून हात हलवावा व मदत मागावी. बुडणाऱ्यामागे उडी टाकू नये. दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा.

दुसरा धोका भरती-ओहोटीचा. ओहोटीत वाळू मोकळी होते आणि मुले पाण्यामागे आत जातात. भरती सुरू झाली की कधीकधी मागची सखल जागा आधी भरते आणि परतीची वाट तुटते. कोकणात एक सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. असे का? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच पुढे सरकते. हा अंदाज मोटा आहे. जागेवरची वेळ तेथल्या मच्छीमारांना विचारावी.

आता उकाड्याचे पाहू. मे महिन्यातले ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या मुलांना ३२ अंशांचे काय, असे वाटेल. पण शरीराला थंड करतो तो वाहणारा घाम नव्हे, सुकणारा घाम. १ ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ मात्र जातच राहते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, दुपारी सावलीत थांबावे. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्यावे. चमचा चहाचा घ्यावा.

हे वर्गात दाखवता येते. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्हींना वारा घाला. यवतमाळच्या उन्हाळ्यात दोन्हींत १५-२० अंशांचा फरक पडतो. तेच तापमापक सहलीला न्या. मालवणच्या दमट हवेत फरक जेमतेम ३-५ अंशांचा दिसेल.

सहलीआधीचा एक तास या प्रयोगाला, पंचांगातल्या तिथीला आणि फळ्यावरच्या रिप करंटच्या आकृतीला द्यावा. मुले किनाऱ्यावर पोचल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात. तेव्हा शिक्षकांनी एवढेच करावे: गुडघ्यापलीकडच्या पाण्यात कोणाला जाऊ देऊ नये, आणि पोहता येणाऱ्यांवर दुप्पट लक्ष ठेवावे.