पाठीवरचा चिखलाचा पट्टा

पहिल्या पावसात ऑफिसला पोचलो तेव्हा वॉचमन माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. का, ते आरशासमोर पाठ वळवल्यावर कळलं. कमरेपासून मानेपर्यंत शर्टावर चार बोटं रुंदीचा चिखलाचा सरळ पट्टा उमटला होता. सायकल नवी कोरी, हायब्रिड, चोवीस गिअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. मडगार्ड तेवढं नव्हतं. वडिलांच्या काळ्या सायकलला ते होतं. शिवाय कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, डायनमो आणि घंटी. गिअर एकही नाही, वजन म्हशीसारखं. पण पांढरा लेंगा घालून ते कचेरीत जात आणि पांढऱ्याच लेंग्यात घरी येत.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. हायब्रिड ही खरी त्या काळ्या सायकलची वारसदार, पण दुकानात ती खेळाडूच्या वेशात उभी असते. तिला घरी आणून कामाला लावायचं काम आपलं.

हायब्रिड म्हणजे संकर. त्याची एक बाजू कॅलिफोर्नियातली. तिथल्या मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही उडाणटप्पू मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळत असत. त्या खेळातून माउंटन बाइक जन्मली आणि १९८१ साली 'स्टंपजंपर' नावाने ती कारखान्यातून घाऊक बाहेर पडू लागली. सरळ हँडल, ऐसपैस बैठक लोकांना आवडली, पण डोंगर काय सगळ्यांच्या दारात नसतो. डांबरावर ते खाचाखाचांचे टायर घरघरतात आणि स्वाराचा दम काढतात. मग १९८०चं दशक सरताना कंपन्यांनी माउंटन बाइकच्या हँडलखाली शर्यतीच्या सायकलची मोठी, अरुंद चाकं बसवली. शर्यतीचा टायर बहुधा २३ ते २८ मिलिमीटर रुंद, डोंगरी टायर पन्नासच्या पुढे. हायब्रिड मधोमध, ३२ ते ४२. पुण्याच्या रस्त्यांना, म्हणजे खड्डे, चेंबरची झाकणं आणि मधूनच उगवणारे पेव्हर ब्लॉक यांना, मला ३५चा टायर मानवला.

कर्वेनगर ते औंध मी लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता आणि विद्यापीठ चौक असा जातो. नऊएक किलोमीटर, पस्तीस ते चाळीस मिनिटं. दुचाकीवाला शेजारी हे अंतर फार तर दहा मिनिटं आधी कापतो, आणि त्यातली निम्मी पार्किंग शोधण्यात घालवतो. वेगाच्या मागे लागण्यात अर्थही नसतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. हायब्रिडवर आपण ताठ बसतो, म्हणजे छाती हवेला उघडी. तिच्यावरून शर्यत करू पाहणारा पहिल्याच आठवड्यात घामाघूम होऊन सायकल बाल्कनीत लटकवतो. त्याच ताठ बैठकीमुळे रिक्षाच्या टपावरून पुढचा सिग्नल दिसतो, ही मात्र शहरात मोठी सोय.

चोवीस गिअरांचं कौतुक दुकानदार फार करतात. पुढे तीन चक्रं, मागे आठ, गुणाकार चोवीस. यातले कित्येक एकमेकांची नक्कल असतात. शिवाय पुढचं सर्वांत मोठं आणि मागचंही सर्वांत मोठं अशी जोडी लावली तर चेन तिरकी ओढली जाते, कुरकुरते, लवकर झिजते. मोजायचं असेल तर टोकं मोजा. माझ्या सायकलला पुढे ४८, ३८ आणि २८ दाते आहेत, मागे ११ ते ३२. सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे एक मीटर नव्वद सेंटीमीटर सरकते, सर्वांत जड गिअरला साडेनऊ मीटर. जड गिअर मी वर्षातून चारदा वापरत असेन. हलका गिअर मात्र सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर देवासारखा धावून येतो. घेताना विचारायचंच तर गिअर किती आहेत हे विचारू नका. मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला दाते किती, ते विचारा.

पुढच्या फोर्कमधल्या स्प्रिंगांबद्दलही माझं मत वाईट आहे. स्वस्त हायब्रिडला त्या शोभेसाठी दिलेल्या असतात. वजन वाढतं आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की आपली निम्मी मेहनत त्या खालीवर डोलण्यात जाते. साधा फोर्क घ्यावा आणि टायरमध्ये हवा थोडी बेताची ठेवावी. किती, ते टायरच्या अंगावरच छापलेलं असतं.

हवेवरून आठवलं. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर एकदा मागचं चाक बसलं. टपरीवाल्या काकांनी ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधले, सोल्युशन लावून चकती चिकटवली. हवा भरायला गेले आणि थबकले. "साहेब, हा कसला व्हॉल्व्ह? आमची नळी बसत नाही यावर." माझ्या ट्यूबला बारीक, लांब, शेंड्यावर स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह होता, त्यांची नळी स्कूटरच्या जाड व्हॉल्व्हची. उरलेला रस्ता चालत गेलो. पितळेची एक टोपी मिळते, ती प्रेस्टावर चढवली की स्कूटरची हवा खुशाल भरता येते. चहा-वडापावच्या पैशांत येणारी ती टोपी आता कायम किल्लीच्या जुडग्यात असते.

टायरच्या मापाचाही असाच घोळ. काळ्या सायकलच्या '२८ बाय दीड'च्या रिमची बैठक ६३५ मिलिमीटर व्यासाची, हायब्रिडच्या '७०० सी'ची ६२२. दिसायला सारखी, पण फरक तेरा मिलिमीटरचा. अठ्ठावीसचा टायर आणून दिला तर तो रिमवर सैल लोळेल. टायरवरचा ६२२ हा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

देखभालीत चेनपुढे बाकी सगळं दुय्यम. चेनच्या दोन पिनांमध्ये बरोबर अर्धा इंच असतो, म्हणजे चोवीस कड्यांचे बारा इंच. शाळेतली फूटपट्टी लावा. शेवटची पिन बाराच्या खुणेपुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली तर उशीर झाला, मागची चक्रंही खाल्ली गेलेली असणार. मी हे एकदा दुर्लक्षून चेनच्या तिप्पट पैसे मोजले.

पुणं सायकलींचं शहर होतं हे वाक्य ऐकून कान किटले. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकानं, डबलसीटचा दंड, रात्री दिवा नसला की पोलिसाची शिट्टी, पालिकेचा बिल्ला, हे सारं खरं. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली बघून या, पोटभर आठवणी निघतील. पण २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला होता, आणि त्याच सुमारास आलेल्या भाड्याच्या रंगीत सायकली दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल ट्रॅकवर आज हातगाड्या आहेत. मी रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, उभ्या गाडीपासून हातभर अंतर राखून, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही.

रविवार मात्र वेगळा. पहाटे साडेपाचला निघालं की खडकवासल्याला पोचेपर्यंत फटफटतं. धरणावर भाजलेलं कणीस, आणि पाय शाबूत असले तर पुढे पानशेतची वाट. सोमवारी ऑफिसचा डबा वाहणारं तेच कॅरिअर रविवारी पाण्याच्या बाटल्या आणि जर्किन वाहतं.

गेल्या वर्षी २२ सप्टेंबरपासून, म्हणजे २०२५ साली, सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. यंदा दिवाळीत घेणार असाल तर त्या वाचलेल्या पैशांत मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि मागचा लाल दिवा घ्या, आणि दुकानातच बसवून घ्या. दुकानदार म्हणेल, "लुक जातो, साहेब." जाऊ द्या. बसवायला अर्धा तास लागतो.