ठाऊकच होतं, तरी बातमी

लायगो प्रकल्पाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली. या लहरी असणार, हे आइन्स्टाइनने १९१६ मध्येच मांडलं होतं. अप्रत्यक्ष पुरावाही होता. हल्स आणि टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेली ताऱ्यांची जोडी सिद्धान्ताच्या हिशेबानेच एकमेकांच्या जवळ सरकत होती, आणि त्या शोधाला १९९३ चं नोबेलही मिळून गेलं होतं. मग शंभर वर्षांपूर्वीचं भाकीत खरं ठरलं, यात नवं काय? प्रश्न रास्त आहे, पण बातमीचं माप तो चुकीच्या फुटपट्टीने घेतो. मॉन्सून केरळात दाखल होणं तरी कुठे अनपेक्षित असतं? तरी दरवर्षी मथळा होतो, कारण तो लांबूही शकतो. अपेक्षा किती होती यापेक्षा ती फसायला वाव किती होता, हे पाहायला हवं.

इथे तो वाव भरपूर होता. खुद्द आइन्स्टाइनच १९३६ मध्ये अशा लहरी नसतात म्हणू लागला होता. पुढे त्या गणितातली चूक सापडली. १९६९ मध्ये जोसेफ वेबरने लहरी पकडल्याचा दावा केला, तो इतर कुणालाच पडताळता आला नाही. लायगोची यंत्रं २००२ ते २०१० या काळात चालवूनही हाती काही लागलं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये मात्र एक सुरेख संकेत उमटला. शेकडो जणांनी तो महिनोन्‌महिने तपासला, शोधनिबंधसुद्धा लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये खरंखोटं सांगणारं बंद पाकीट उघडलं, तर संकेत खोटा! सहकाऱ्यांची परीक्षा घ्यायला आतल्याच मोजक्या लोकांनी तो यंत्रात सोडला होता. असं कधीही होऊ शकतं, एवढंच बाकीच्यांना ठाऊक होतं. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोचं लिव्हिंग्स्टनमधलं यंत्र आणि त्यानंतर ७ मिलिसेकंदांनी ३,००० किलोमीटरवरचं हॅनफर्डमधलं यंत्र थरथरलं, तेव्हा पहिली विचारणा हीच झाली, की हा कुणी सोडलेला तर नाही ना? यंत्राच्या चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी पट लहान होता. इतक्या शंकेखोर मंडळींनी दिलेला ‘हो’ फुकटचा नव्हता.

खरी बातमी लहरींची नव्हे, सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली त्याची, असंही कुणी म्हणेल. अर्धं मान्य, एवढी जड जोडी तोवर कुणी पाहिली नव्हती. पण लहर खरी ठरल्याशिवाय हे आकडे कुठून येणार होते? आणि प्रत्येक दुजोऱ्याला पहिलं पान द्यावं, असंही नाही. २०२० पर्यंतच्या निरीक्षणांत अशा सुमारे ९० घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांना आतल्या पानावरची चौकट पुरे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाचं यंत्र उभं राहायचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. तिथला पहिला संकेत अपेक्षितच असेल, तरी बातमी ठरेल, कारण दूरच्या आणखी एका यंत्राने लहरीची दिशा अधिक नेमकी सांगता येईल. २०१५ मध्ये मात्र दोनच यंत्रांच्या जोरावर तेव्हाचा संकेत आकाशातून नेमका कुठून आला, हे सांगताना पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ ३,००० पट क्षेत्राचा पट्टा दाखवावा लागला होता.