रेकॉर्डिंगच्या बॉक्सविषयीचे काही गैरसमज

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नेमल्या वेळी पाहण्याची ज्यांना सवड नसते त्यांच्याकरिता तो परस्पर टिपून ठेवणारे आणि मागाहून हव्या त्या घटकेला दाखविणारे यंत्र, टिव्हो आणि रिप्लेटीव्ही या दोन नावांनी, अमेरिकेत १९९९ साली विक्रीस आले. आणि आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस या सेवेच्या द्वारे तेच यंत्र छत्रीच्या सेट-टॉप बॉक्सच्या पोटात बसून मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत दाखल झाले. पुढे पेन ड्राइव्ह खुपसली की रेकॉर्डिंग करू लागणारे स्वस्त बॉक्सही निघाले. एवढा काळ लोटूनही या यंत्राविषयी ज्या समजुती घरोघर प्रचलित आहेत त्या ऐकल्या म्हणजे वाटते की, त्याच्या अंगी नसलेले सामर्थ्य आपण त्याला खुशाल बहाल केले आहे आणि असलेल्या सामर्थ्याची मात्र पुरती दखलही घेतलेली नाही.

सर्वांत जुना ग्रह असा, की मुद्रित केलेले चित्र मूळ प्रक्षेपणाहून निकृष्ट असते. हा ग्रह व्हिडिओ कॅसेटच्या काळातला आहे आणि त्या काळापुरता तो यथार्थही होता. कारण फितीवर उतरताना चित्रातील बारकाव्यांचा मोठा भाग गळून पडे आणि त्या फितीवरून दुसरी फीत केली की उरलेलाही धूसर होई. आजच्या बॉक्सची रीत मुळातच निराळी आहे. उपग्रहावरून येणारे चित्र छत्रीत उतरते तेच मुळी आकड्यांच्या, आणि तेही आधीच आटोपशीर करून ठेवलेल्या आकड्यांच्या, प्रवाहरूपाने. आणि बॉक्स तो प्रवाह न उलगडता, न बदलता, जसाच्या तसा हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो. म्हणून आज थेट पाहिलेले चित्र आणि उद्या रेकॉर्डिंगमधून पाहिलेले चित्र यांत अणुमात्र भेद असू शकत नाही, अगदी दोषांच्या बाबतीतसुद्धा; आषाढातल्या धुवाधार सरीने छत्रीचा संकेत क्षीण होऊन पडद्यावर जे चौकोनांचे तुकडे उडतात, ते जसे घडले तसेच मुद्रित होतात आणि मागाहून कोणत्याही उपायाने सांधता येत नाहीत.

हार्ड डिस्कवर किती तास मावतील याचा हिशेबही याच प्रवाहावरून करावयाचा असतो. सेकंदाला एक मेगाबिट या गतीने वाहणारा प्रवाह तासाभरात सुमारे ४५० मेगाबाइट जागा व्यापतो; तेव्हा साध्या वाहिनीचा प्रवाह चार मेगाबिटांचा धरला तर तासाला १.८ गिगाबाइट आणि एचडी वाहिनीचा आठ मेगाबिटांचा धरला तर ३.६ गिगाबाइट लागतील. जाहिरातीत छापलेले तास बहुधा साध्या वाहिनीच्या मापाने मोजलेले असतात, आणि ग्राहक मात्र एचडीचे रेकॉर्डिंग करून डिस्क लवकर भरल्याची तक्रार गुदरतो.

या सगळ्याला इंटरनेट लागते, ही समजूत अलीकडची आहे. कार्यक्रम छत्रीतून येतो आणि घरातल्या डिस्कवर जातो. त्यात इंटरनेटचा कोठेही संबंध येत नाही. बाहेरगावी असताना मोबाइलवरून बॉक्सला रेकॉर्डिंगचा हुकूम सोडावयाचा असेल, तेवढ्यापुरती त्याची गरज पडते.

टीव्ही बंद असेल तर रेकॉर्डिंग होत नाही, असे मानून रात्रभर टीव्ही चालू ठेवणारी सावध कुटुंबे आहेत. आणि बॉक्स स्वतःच सारे करतो असे ऐकून निजण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करणारी काटकसरी कुटुंबेही आहेत. पहिली विनाकारण वीज जाळतात आणि दुसऱ्यांचा कार्यक्रम हुकतो. रिमोटच्या लाल बटणाने बॉक्सला निजविले असता तो पूर्णपणे निजत नाही, त्याचे घड्याळ आणि त्याच्यावर सोपविलेली यादी जागीच असते, व वेळ होताच तो टीव्हीच्या साहाय्यावाचून आपले काम सुरू करतो. परंतु भिंतीवरच्या बटणाने त्याचा वीजपुरवठाच तोडला तर त्याच्याकडून काही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. भारनियमनाच्या गावी ज्यांनी इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे घेतले पण बॉक्स घेतला नाही, त्यांनाही हेच लागू आहे.

एक वाहिनी पाहता पाहता दुसरी मुद्रित करता येते की नाही, हा घराघरांतील कलहाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर गच्चीवर सापडते. छत्रीच्या तोंडाशी जे लहानसे यंत्र असते ते बॉक्सकडून येणाऱ्या विद्युत्दाबानुसार, म्हणजे १३ किंवा १८ व्होल्टनुसार, उपग्रहाच्या लहरींचा एक किंवा दुसरा गट निवडून केबलमधून खाली धाडते. एका केबलमधून एका वेळी एकच गट येऊ शकत असल्यामुळे, मालिका एका गटात आणि सामना दुसऱ्या गटात असेल तर एका केबलवर दोन्ही साधणे सामान्य मांडणीत शक्य नसते. त्याकरिता दोन ट्यूनरांचा बॉक्स आणि छत्रीपासून दोन केबली लागतात. दोन ट्यूनरांचा बॉक्स विकत घेऊन जुनीच एक केबल जोडून देणारा कारागीर ग्राहकाचे अर्धे पैसे फुकट घालवितो, आणि ग्राहकाला ते बहुधा पहिल्या मोठ्या क्रिकेट सामन्याच्या दिवशी कळते.

क्रिकेटवरून आठवले. नेमलेल्या कार्यक्रमाचा शेवट गायब असणे ही या यंत्राविषयीची सर्वांत सार्वत्रिक तक्रार आहे, आणि तीत यंत्राचा अपराध सर्वांत कमी आहे. बॉक्सला कथानक कळत नाही. वाहिनीने पाठविलेल्या वेळापत्रकात जी वेळ लिहिली असेल तिच्याबरहुकूम तो सुरू होतो आणि थांबतो. सामना लांबला, कार्यक्रम उशिराने लागला, अथवा महाअंतिम भागाला वाहिनीने ऐनवेळी अर्धा तास वाढवून दिला आणि वेळापत्रकात तशी दुरुस्ती केली नाही, तर त्याने ठरल्या मिनिटाला दप्तर मिटले म्हणून त्याला दोष देता येणार नाही. ज्या बॉक्समध्ये मागेपुढे काही मिनिटे वाढवून घेण्याची सोय असते तेथे ती वापरावी, आणि थेट सामन्याच्या बाबतीत त्यामागून लागणारा कार्यक्रमही यादीत घालून ठेवावा. निकाल बहुधा त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या भागात सापडतो.

जाहिराती बॉक्स आपोआप वगळतो, असेही अनेकांना वाटते. आपल्याकडील बॉक्स वगळीत काही नाही. वेग वाढवून पुढे जाण्याचे कष्ट पाहणाऱ्यालाच घ्यावे लागतात. मात्र ते कष्ट वाया जात नाहीत, कारण केबल टेलिव्हिजन नियमावलीने तासाला १० मिनिटे जाहिरातींना आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला अशी एकूण १२ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे, आणि ती काटेकोरपणे पाळली गेली असे धरले तरी तासाचा कार्यक्रम ४८ मिनिटांत उरकतो. न पाळली गेल्यास अर्थातच त्याहूनही लवकर.

उलट, होऊन गेलेले परत आणण्याची शक्ती या यंत्रात आहे असे समजणारेही भेटतात. थेट कार्यक्रम थोडा मागे नेऊन पाहता येतो हे खरे. परंतु त्याचे कारण एवढेच, की आपण रेकॉर्डिंगचे बटण दाबलेले नसतानाही बॉक्स समोर चालू असलेली वाहिनी डिस्कच्या एका राखीव भागात सतत लिहीत आणि पुसत असतो. वाहिनी बदलली की ते टिपण सहसा नाहीसे होते, आणि जी वाहिनी लावलीच नव्हती तिचे टिपण कधी झालेलेच नसते. त्याचप्रमाणे, आपण रेकॉर्डिंग केल्याने आवडत्या मालिकेचा टीआरपी वाढतो ही भाबडी आशाही सोडून द्यावी. बार्क या संस्थेचे मापकयंत्र निवडक घरांतच बसविलेले असते, आणि ज्या घरात ते नाही तेथे काय पाहिले अगर मुद्रित केले याची नोंद त्या मोजणीत होत नाही.

कायद्याविषयी परस्परविरोधी दोन समजुती एकाच घरात सुखाने नांदताना आढळतात : एक, की घरी रेकॉर्डिंग करणे हा मुळातच गुन्हा आहे, आणि दुसरी, की महिन्याचे पैसे भरले असल्यामुळे रेकॉर्डिंगचे वाटेल ते करण्यास आपण मुखत्यार आहोत. कॉपीराइट अधिनियम, १९५७ याच्या ३७ व्या कलमाने प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा स्वतंत्र हक्क दिलेला आहे. परंतु लागलीच ३९ व्या कलमात असा अपवाद नमूद आहे की, मुद्रण करणाऱ्या इसमाच्या स्वतःच्या खाजगी उपयोगाकरिता, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांकरिता केलेल्या मुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ५२ व्या कलमातील खाजगी वापराची मुभाही चित्रपटांपर्यंत पोहोचविली. अमेरिकेत हाच प्रश्न सोनीच्या बीटामॅक्स यंत्रावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, मागाहून पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण न्याय्य ठरले. आपल्या कायद्यात ही गोष्ट कलमाच्या शब्दांतच असल्यामुळे घरगुती प्रेक्षकाने भिण्याचे कारण नाही. सोसायटीच्या सभागृहात तिकीट लावून तोच सामना दाखविणे, त्याच्या प्रती विकणे, किंवा शेकडो लोकांच्या समूहात त्याची फाइल सोडणे यांना मात्र खाजगी उपयोग म्हणता येणार नाही, मग रिचार्ज कितीही नियमित असो.

आता ज्या गैरसमजापायी सर्वाधिक मनस्ताप होतो त्याकडे येतो. एकदा मुद्रित केलेला कार्यक्रम आपला झाला, असे आपण धरून चालतो. वास्तविक आपल्याला मिळते ती वहिवाट. मालकी मिळत नाही. पैसे घेऊन दाखविल्या जाणाऱ्या वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात प्रक्षेपित होतात, आणि बॉक्स रेकॉर्डिंग करतो तेही कुलूपबंदच ठेवतो. त्या कुलपाची किल्ली त्याच बॉक्सला आणि चालू असलेल्या वर्गणीला बांधलेली असते. म्हणून पेन ड्राइव्ह काढून संगणकाला लावली तर तीत वाचण्याजोगे काही सापडत नाही, दुसऱ्या बॉक्सला लावली तर तो ती ओळखीत नाही आणि अनेकदा तिची नव्याने मांडणी करण्याची परवानगी मागतो; आणि ती परवानगी देणाऱ्याचे आधीचे फोटो व कागदपत्रेही पुसली जातात. बॉक्स बिघडून कंपनीने बदलून दिला, की जुने रेकॉर्डिंग गेले. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून हा पेच सुटेल ही आशाही व्यर्थ आहे, कारण टीव्ही मुद्रण करू शकत असला तरी ते स्वतःच्या ट्यूनरवर येणाऱ्या प्रक्षेपणापुरते. सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या तारेने आलेले चित्र त्याच्या हद्दीत येत नाही.

कायद्याने उजव्या हाताने दिलेले तंत्राने डाव्या हाताने काढून घेतले, अशी ही स्थिती आहे. कुलूप फोडण्याविषयी २०१२ मध्ये ६५अ हे कलम घालण्यात आले व हक्कभंगाच्या हेतूने ते फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला. कायद्याने मना न केलेल्या उद्देशासाठी त्यात सूट आहे, परंतु दुसऱ्याला अशा कामी साहाय्य करणाऱ्याने त्या इसमाचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवावी, असेही त्यात फर्मावले आहे. घरी बसून रविवारची मैफल जपू पाहणाऱ्या गृहस्थाला ही वाट परवडण्याजोगी नाही.

फितीच्या काळात असे नव्हते. बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत फिती पुन्हा वापरण्यासाठी आपले कित्येक कार्यक्रम पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा ध्वनी आज उपलब्ध आहे तो घरच्या यंत्रावर आवाज टिपून ठेवणाऱ्या प्रेक्षकांमुळे. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ वृत्तवाहिन्या अहोरात्र मुद्रित केल्या, आणि सुमारे सत्तर हजार कॅसेटींचा तो संग्रह पुढे इंटरनेट अर्काइव्हकडे गेला. त्या कॅसेटी त्यांच्या जातीच्या कोणत्याही यंत्रात घालाव्यात आणि पाहाव्यात. आजच्या बॉक्सवर कोणी तेवढेच परिश्रम केले असते, तर वर्गणी थांबल्याच्या दिवशी त्या संग्रहाला टाळे लागले असते.

यातून एक चोरवाट नव्हे तर राजमार्गच अद्याप मोकळा आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या आणि आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी सेवेला मासिक वर्गणी नाही, आणि तीवरील ज्या वाहिन्या कुलपाविना येतात त्यांचे साध्या फ्री-टू-एअर बॉक्सवर केलेले रेकॉर्डिंग सामान्यतः उघड्या फाइलीच्या रूपाने पेन ड्राइव्हवर उतरते. घरातील कोणाचे गायन सह्याद्री वाहिनीवर व्हावयाचे असेल, तर महागड्या बॉक्सवर विसंबण्यापेक्षा असा बॉक्स मिळवावा, रिकामी पेन ड्राइव्ह त्याला लावावी, आणि आदल्या दिवशी पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून ती फाइल संगणकावर उघडते की नाही ते पाहून घ्यावे.