विलंबित लयीतला मारिओ

टोकियोतल्या मुलाचा मारिओ जेवढं अंतर एका मिनिटात कापायचा, तेवढंच कापायला नगरच्या मुलाच्या मारिओला ७२ सेकंद लागायचे. समोरून येणारी कासवं तितकीच सावकाश चालायची, वर कोपऱ्यातला उलटा मोजला जाणारा वेळ तितक्याच सावकाश सरायचा आणि मागचं संगीतही त्याच संथ चालीत वाजायचं. सगळंच सारखं मंद, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ती मुलं आता चाळिशीत आहेत. फोनवर जुना गेम उतरवून घेतात, दोनदा खड्ड्यात पडतात आणि म्हणतात, "पूर्वी जमायचं राव, आता हा फार पळतोय!" वयाचा भाग थोडाफार असेलही. पण त्यांची तक्रार खरी आहे, मारिओ खरोखरच जास्त पळतोय.

या बारा सेकंदांचं मूळ टीव्हीत आहे. जपानी टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जाई. आपल्याकडे दूरदर्शनने पाल पद्धत स्वीकारली, तिच्यात हेच काम सेकंदाला ५० वेळा होतं. त्या काळातल्या गेमला स्वतंत्र घड्याळ नसे. पडदा एकदा रंगवून झाला की मारिओ एक पाऊल पुढे, पुन्हा रंगवला की आणखी एक. म्हणजे टीव्हीचा ठोका हाच खेळाचा ठोका. ६० ठोक्यांसाठी लिहिलेला खेळ ५० ठोक्यांच्या टीव्हीला जोडला की तो आपोआप एक षष्ठांश मंदावतो. युरोपातही पालच होतं, म्हणून निन्टेंडोने तिकडे मारिओची वेग जुळवून घेतलेली वेगळी आवृत्ती विकली. आपल्याकडच्या कॅसेटींत मात्र जपानसाठी किंवा अमेरिकेसाठी लिहिलेला खेळ जसाच्या तसा भरलेला असायचा.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. वेग कमी झाला की आवाजही जाड व्हायला हवा. टेपची बॅटरी उतरली की गाणं कसं घोगरं होतं, तसं. इथे तसं झालं नाही. खेळाची चाल ठरते टीव्हीच्या ठोक्यावर, पण सुराची उंची ठरते यंत्रातल्या प्रोसेसरच्या ठोक्यावर, आणि तो ठोका निराळा असतो. जपानी यंत्रात तो सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार वेळा पडे. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपांवर चालणाऱ्या त्या यंत्राच्या पाल नकलांमध्ये तो सुमारे १७ लाख ७३ हजार होता. फरक जेमतेम एक टक्का, कानाला न कळणारा. कोजी कोंडोंनी बांधलेली मारिओची धून अशा यंत्रांतून आपल्या घरात शिरली ती सूर तोच ठेवून, लय तेवढी विलंबित करून.

हे यंत्र मुळात जपानचं. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली तयार झालेला निन्टेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. भारतात तेव्हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती. पुढे 'समुराई' नावाने सुटे भाग आणून इथे जोडलेला संच विकला गेला आणि मग नकलांचा पूर आला. 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर', नंतर मुंबईच्या 'मिताशी'चे संच. खोक्यावरचं नाव काहीही असो, आत फॅमिकॉमचाच जीव. २०२४पासून नगर जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. पण ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तासावर पैसे मोजून गेम खेळले, त्यांच्या आठवणीतलं गाव नगरच.

आणि नगरच्या पोरांना एक खेळ इतरांपेक्षा जास्त जवळचा वाटावा असा होता. रणगाड्यांचा. सगळे त्याला नुसतं 'टँक' म्हणायचे. मूळ नाव 'बॅटल सिटी', नामको कंपनीचा, १९८५चा. हे शहर लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं आहे. इथे १९९४मध्ये उभं राहिलेलं रणगाडा संग्रहालय आहे; त्यात ब्रिटिश सेंच्युरियन आहे, भारतात बनलेला विजयंता आहे, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही आहे. खारे आणि कर्जुने या गावांवरून नाव पडलेली के. के. रेंजही इथलीच, तिकडे सराव चालू असला की तोफांचे आवाज दूरवर ऐकू येतात. शाळेच्या सहलीत पॅटनच्या साखळीवर हात फिरवायचा आणि घरी येऊन 'टँक'मधल्या विटांच्या भिंतीआडचा आपला गरुड वाचवायचा, असं बालपण फार थोड्या शहरांच्या वाट्याला आलं असेल.

गंमत म्हणजे ज्या अमेरिकेत फॅमिकॉमचा भाऊ लाखोंनी विकला गेला, तिथे हा खेळ घरगुती कॅसेट म्हणून अधिकृतपणे कधी विकायला आलाच नाही. मग तो नगरला कसा पोचला? उत्तर त्याच्या आकारात आहे. 'बॅटल सिटी' अवघा २४ किलोबाइटचा आहे: १६ किलोबाइट सूचना, ८ किलोबाइट चित्रं. तुम्ही वाचत असलेला हा लेख संगणकात साठवायला जवळपास तितकीच जागा लागते. तेवढ्यात ३५ पातळ्या, दर पातळीला शत्रूचे वीस रणगाडे, विटा, पोलाद, पाणी, झाडी आणि दोघांनी मिळून खेळायची सोय. 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटचा. १९८३ ते ८६च्या दरम्यानचे बहुतेक खेळ असेच आटोपशीर होते आणि त्यांच्या कॅसेटमध्ये स्मृतीची अदलाबदल करणारी जादा चिप नसे. नक्कल करणाऱ्याला हेच सोयीचं. एका मोठ्या चिपमध्ये असे दहा-वीस खेळ शेजारी शेजारी भरायचे आणि यादीत तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या पातळीवरून सुरू करून '९९९९९९ इन वन' असं छापायचं. नव्वदच्या दशकात आपण खेळलो ते दहा वर्षांपूर्वीचे जपानी खेळ, याचं कारण हे. आवड-निवड कुणी केली नाही. जे कमी जागेत मावलं, तेच आपलं बालपण झालं.

जागेची ती काटकसर पडद्यावरही दिसते. मारिओच्या आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट बघा. आकार एकच आहे, फक्त ढगाला पांढरा रंग दिलाय आणि झुडपाला हिरवा. यंत्राला एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येतात, प्रत्येक तुकडा आठ ठिपके रुंद. रणगाडा सोळा ठिपक्यांचा, म्हणजे एका रणगाड्याला दोन तुकडे. चार रणगाडे एका ओळीत आले की कोटा संपला. त्यात एखादी गोळी शिरली की काहीतरी लुकलुकायला लागतं. तेव्हा आपण टीव्हीला चापट मारायचो. टीव्ही बिचारा निर्दोष होता.

'टँक'मध्ये स्वतःचं रणांगण रचायचीही सोय होती. तेरा बाय तेरा चौकोनांचं रिकामं मैदान मिळायचं. कर्सर म्हणून स्वतःचाच रणगाडा फिरवायचा, बटण दाबत जावं तशी वीट, पोलाद, पाणी अशी पाळी बदलायची. मोठा भाऊ गरुडाभोवती पोलादाची दुहेरी भिंत घालायचा आणि धाकटा ओरडायचा, "दादा, ही चीटिंग आहे!" हे सगळं बांधकाम २ किलोबाइटच्या तात्पुरत्या स्मृतीच्या आधारावर उभं. ती स्मृती विजेवर जगते. लाइट गेली की किल्ला गेला, आणि नगर जिल्ह्यात लाइट जाण्याला मुहूर्त लागत नसे.

आता या संचांना जोडायच्या बंदुकीकडे वळू. बदकं मारायच्या त्या खेळात बंदुकीतून टीव्हीकडे काहीतरी जातं अशी आपली समजूत होती. प्रत्यक्षात जायचं काहीच नाही. बंदूक फक्त बघायची. नळीत एक भिंग आणि मागे प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर. घोडा ओढला की पडदा एका ठोक्यापुरता पूर्ण काळा होतो. पुढच्या ठोक्याला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार आणि लगेच उजेड, असं सेन्सरला दिसलं तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक उमटतात आणि उजेड कितव्या ठोक्याला दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं. काळा पडदा आधी येतो तो लबाडांसाठी. बंदूक ट्यूबलाइटकडे रोखली तर अंधार दिसतच नाही आणि नेम बाद होतो. रंगाशी सेन्सरला देणंघेणं नाही, म्हणून कृष्णधवल टीव्हीवरही बदकं तितक्याच इमानदारीत पडत.

हीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर मुकी होते. जुन्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,६२५ रेषा ओढत असे आणि यंत्राने सांगितलेली रेषा त्याच क्षणी उजळे. बंदुकीतलं सर्किटही अशाच झरझर लुकलुकणाऱ्या उजेडासाठी जुळवलेलं असतं. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःजवळ ठेवतो, मोठं करतो, घासूनपुसून मग दाखवतो. तोपर्यंत बंदुकीची वेळ टळलेली असते. त्यामुळे बंदूक कितीही उत्तम दुरुस्त करा, काचेच्या ट्यूबचा टीव्ही नसेल तर ती शोभेची वस्तू.

तुमच्या माळ्यावर असा संच पडला असेल तर तो जिवंत होण्याची शक्यता बरीच आहे, कारण बिघडण्यासारखं आत फार थोडं असतं. मागचे स्क्रू काढले की एक हातभर वायर, तळहातापेक्षा थोडी मोठी पट्टी, पत्र्याची एक डबी आणि साठ पिनांची कॅसेटची खाच दिसते. पण उघडण्याआधी ॲडॅप्टर तपासा. जुना ॲडॅप्टर नुसता मल्टिमीटरला लावला की नऊऐवजी बारा-तेरा व्होल्ट दाखवतो. भार नसताना ते स्वाभाविक आहे. धोका असतो उलट्या ध्रुवाचा. दुसऱ्याच कशाचा तरी ॲडॅप्टर पिन बसते म्हणून लावला, तर चिप जळायला वेळ लागत नाही.

मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टेकलेला तीन पायांचा ७८०५ शोधा. नऊ व्होल्ट घेऊन पाच देणं एवढंच त्याचं काम. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून तो तापतो. बाहेर पाच येत नसतील तर तो बदला. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, फार तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, किरकोळ पैशांत मिळतो. चित्रावर आडव्या लाटा येत असतील तर शेजारचे कपॅसिटर सुकलेत असं समजा. चित्रच येत नसेल तर संशय खाचेवर घ्या. आणि फुंकर? फुंकरीने फारसं काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात, म्हणून गेम लागायचा. फुंकरीतला ओलावा उलट तांबं गंजवत राहिला. पांढऱ्या खोडरबराने कॅसेटची पट्टी हलकेच घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तर वर्षानुवर्षांची काजळी बोळ्यावर उतरते.

रिमोटचं बटण लागत नसेल तर रबराखालची काळी कार्बनची टिकली झिजलेली असते. पण मूळ रचनेच्या रिमोटमध्ये जाणती माणसं थांबतात ती वायरींपाशी. बटणं आठ आणि वायरी पाच. त्यातल्या दोन विजेच्या. उरलेल्या तिघींत आठ बटणांचा निरोप कसा जातो? ४०२१ नावाची साधी चिप आठही बटणांची स्थिती एका क्षणी टिपते आणि यंत्राने ठोका दिला की एकेक करून एकाच वायरीतून पाठवते. पडदा रंगवण्याच्या प्रत्येक फेरीला ही हजेरी. मारिओ उडी मारतो तेव्हा पट्टीवर हा सगळा व्यवहार पार पडलेला असतो.

एकच दुखणं असाध्य. नंतरच्या स्वस्त संचांत सगळ्या चिपा मिळून एकच झाली आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा गोळा ओतला. तो गेला की संच गेला. उलट जुन्या संचांत चाळीस पायांच्या दोन सुट्या चिपा असतात. एका मेलेल्या संचातली काढून दुसऱ्यात बसवता येते. म्हणून भंगारात असा संच दिसला तर तो चालतो का हे विचारू नका, आधी आत काय आहे ते बघा. ट्यूबचा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून असू शकतात. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिककाकांचं, आणि गावात असे काका असतील तर त्यांच्याकडून आताच शिकून घ्यावं.

फोनवर खेळणाऱ्यांसाठीही एक वाट आहे. जुनं यंत्र फोनवर वठवणाऱ्या चांगल्या इम्युलेटरमध्ये साठ ठोक्यांची एनटीएससी आणि पाल यांच्या जोडीला 'डेंडी' असा तिसरा पर्याय असतो. डेंडी ही १९९२च्या अखेरीस रशियात आलेली फॅमिकॉमची नक्कल. पन्नास ठोके, त्याच जातीच्या चिपा, त्याच छोट्या खेळांनी भरलेल्या कॅसेटी. म्हणून तिकडच्या मुलांचाही जीव 'टँक'मध्येच अडकलेला. नगरच्या बालपणाचा जुळा भाऊ शोधायचा तर तो टोकियोत किंवा न्यूयॉर्कमध्ये सापडणार नाही, मॉस्कोत सापडेल. तो पर्याय निवडा आणि मारिओ पुन्हा सुरू करा. त्यानंतरही खड्ड्यात पडलात, तर दोष वयाचा.